घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम आणि साधने यांची निवड कशी करावी?

शमी (नाशिक)

नमस्कार. येत्या जूनपासून आमच्या दोन्ही मुलांना घरीच शिकवण्याचे आम्ही ठरवले आहे. मुलगी नऊ वर्षांची असून तिची मराठी माध्यमातली चौथी नुकतीच संपली. मुलगा सहा वर्षांचा आहे, तो बालवाडीत होता आणि त्याला अजून वाचता येत नाही. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर घरातल्या वडीलधाऱ्यांशी पुरेसे बोलून झाले आहे, त्यामुळे या धाग्यावर चर्चा केवळ अभ्यासक्रम आणि साधने यांवर व्हावी, अशी विनंती आहे.

बालभारतीची पुस्तके ओळखीची आहेत आणि पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. एनसीईआरटीची नवी पुस्तके पाहिली, ती आवडली, पण ती मराठीत नाहीत. एक मैत्रीण केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाचा आग्रह धरते. त्याशिवाय दोन कंपन्यांची माहितीपत्रके आली आहेत. पुस्तके, कार्यपत्रिका, व्हिडिओ आणि आठवड्याचे वेळापत्रक असा वर्षभराचा संच ते घरपोच देतात, पण त्याची किंमत आमच्या आवाक्याच्या काठावर आहे. सकाळी मी घरी असते. यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळीवर असल्याने त्यांचा वेळ आठवड्यागणिक बदलतो. यांतले काय निवडावे आणि कोणत्या कसोटीवर निवडावे, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

पारंबी (पुणे)

शमीताई, आमची मोठी मुलगी घरी शिकून दहावी झाली आणि धाकटा अजून घरीच शिकतो. तुमच्या प्रश्नात दोन निर्णय एकत्र आले आहेत, ते आधी वेगळे करावेत असे मला मनापासून वाटते. मुलाने कोणत्या मंडळाची परीक्षा द्यावी हा एक निर्णय आणि रोज सकाळी त्याने काय वाचावे, काय करावे हा दुसरा. शाळेत हे दोन्ही एकाच वेळी ठरतात, कारण शाळा एका मंडळाशी बांधलेली असते. घरी तशी सक्ती नाही. नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला निर्णय आज घ्यावाच लागत नाही, आणि तो आज घेतला तर दुसऱ्या निर्णयाचे स्वातंत्र्य विनाकारण आकसते.

तरीही पुढे कोणते दरवाजे उघडे आहेत हे माहीत असले की मनाची धास्ती कमी होते, म्हणून ते सांगतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे आपण जिला एनआयओएस म्हणतो ती, केंद्र सरकारची असून 1989 पासून काम करते आहे. तिच्या दहावीसाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात. आठवीचे प्रमाणपत्र नसेल, तर दहावीचा अभ्यास करण्याइतकी तयारी झाली आहे असे स्वयंघोषणापत्र चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दहावीच्या माध्यमांमध्ये मराठीही आहे. याच संस्थेच्या मुक्त बेसिक शिक्षण कार्यक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत. ते हवे असतील तर घ्यावेत, पण दहावीसाठी ते आवश्यक नाहीत. दुसरा मार्ग आपल्या राज्य मंडळाचा. 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. तिसरा मार्ग केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे दहावीच्या तोडीच्या परीक्षेचा. तो खर्चिक आहे आणि सगळी केंद्रे खाजगी उमेदवार घेत नाहीत, म्हणून त्या वाटेने जायचे असेल तर पुस्तकांच्या आधी केंद्र शोधावे.

हे तिन्ही मार्ग 13-14 वर्षांच्या सुमारास निवडता येतात आणि त्यासाठी साधारण दोन वर्षांची नेटकी तयारी पुरते. त्याआधीच्या वर्षांमध्ये मुलाला मन लावून वाचता यावे, वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहिता यावे, अपूर्णांकांपर्यंतचे गणित पक्के व्हावे आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागण्याची सवय जडावी, यापलीकडे कोणत्याही मंडळाला तुमच्याकडून काही नको असते.

केदारवाट (सोलापूर)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. विषय सोडून लिहायचे नाही, पण साधने निवडण्यापूर्वी कायद्याची बाजू पालकांना ठाऊक असावी असे वाटते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, तसेच घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूदही नाही. म्हणून शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी दारात आले तर त्यांच्याशी वाद घालू नये. मूल काय शिकते आहे ते वह्यांसकट दाखवावे.

दुसरी सूचना अशी की, शाळा सोडल्याचा दाखला मुलीच्या नावाने आत्ताच रीतसर काढून ठेवावा. 17 नंबरच्या फॉर्मला तो लागतो. नसल्यास प्रतिज्ञापत्र करावे लागते. जन्मतारखेची आणि जातीची नोंद म्हणूनही आपल्याकडे पुढे अनेक ठिकाणी तो मागितला जातो. मुलाचे नाव पहिलीत कधीच नोंदले गेले नाही, तर त्याच्याजवळ असा दाखला नसेल, हेही लक्षात घेऊन त्याची इतर कागदपत्रे नीट ठेवावीत.

ओंजळ (फलटण)

मी मुख्यतः धाकट्याविषयी लिहिते, कारण संचावर पैसे खर्च करण्याआधी त्याचे वाचन हा या घरातला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जवळजवळ फुकट मिळते.

आमच्या फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मराठी वाचन-लेखनावर अनेक वर्षे काम केले. त्या कामातून आम्ही शिकलो ते असे की, 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतची वर्णमाला क्रमाने पाठ करून घेणे आणि मग बाराखडी घोटून घेणे हा वाचनाकडे जाणारा लांबचा रस्ता आहे. त्याऐवजी मोजकी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह असा लहान गट घ्यावा आणि पहिल्या आठवड्यापासून मुलाच्या हाती अर्थ असलेले शब्द द्यावेत. क, म, र, ल आणि काना एवढ्यावरच काका, मामा, मका, काम, लाल, राम, कमाल हे शब्द होतात, आणि 'मामा कमाल' असे काही वाचता आले की मूल हसते. पुढच्या गटात दोन-तीन अक्षरे आणि वेलांटी आली की वाक्ये तयार होऊ लागतात. जोडाक्षरे अगदी शेवटी आणि सावकाश घ्यावीत. 'र'ची चारही रूपे वेगवेगळ्या दिवशी भेटू द्यावीत. या काळात मुलाने सांगितलेले वाक्य आपण त्याच्यासमोर कागदावर लिहावे आणि बोट फिरवत त्यालाच वाचून दाखवावे. स्वतःचे बोलणे कागदावर उतरते हे ज्या मुलाला कळले, त्याला वाचायला ढकलावे लागत नाही.

वाचनसाहित्य पुष्कळ आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची सचित्र पुस्तके वाचनपातळीनुसार लावलेली आहेत आणि ती छापून घेण्याची मुभा आहे. आठ-दहा पानांची गोष्ट घरी छापून, दोऱ्याने शिवून दिली तर मुले ती जपतात. मोठ्या मुलीसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक उघडा. हे मासिक 1971 मध्ये सुरू झाले आणि त्याचे मागचे अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पन्नास वर्षांतल्या उत्तम मराठी लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले इतके साहित्य एकत्र असताना ते पालकांना सुचत नाही, याचे मला वाईट वाटते.

माझी एकच आग्रहाची विनंती आहे. घरी मराठी बोलली जात असेल तर पहिले वाचन मराठीतच होऊ द्या. घरी शिकवतोच आहोत तर सगळे इंग्रजीतून करू, असा विचार पालक करतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी भाषा आणि अनोळखी लिपी एकाच वेळी उकलावी लागते.

शमी (नाशिक)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. दाखल्याची बाब आमच्या ध्यानात आली नव्हती, ती या आठवड्यातच पूर्ण करू. आता गणिताविषयी विचारते. मुलीला भागाकाराची रीत येते, पण ती का चालते हे तिला सांगता येत नाही. मुलाचे शंभरपर्यंतचे अंक तोंडपाठ आहेत, मात्र 52 आणि 25 यांत तो हमखास गोंधळतो.

सहस्रक (ठाणे)

52 आणि 25 मधला गोंधळ हा मुलाचा दोष नाही. आपण 'बावन्न' म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोडपद्धत आली आणि तिच्यावर राज्यभर मोठा वाद झाला. रूढ नावे टाकून द्यावीत असे मलाही वाटत नाही, कारण बाजारात मूल तीच ऐकणार आहे. पण शिकवताना दोन्ही नावे शेजारी ठेवण्याचा फायदा मी पाहिला आहे. झाडूच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा, पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून 'पन्नास आणि दोन, म्हणजे बावन्न' असे म्हणवून घ्या. अंक लिहिण्याआधी जुड्या मांडणे काही आठवडे चालू राहिले की उलटे लिहिणे आपोआप कमी होते. 29, 39 यांच्या नावांसाठी मात्र वेगळा वेळ द्यावा, कारण 'एकोणतीस' म्हणताना मुलाच्या कानावर तीस पडते.

मुलीच्या भागाकाराचे उत्तरही याच जुड्यांमध्ये आहे. 84 काड्या तीन जणांत वाटायला सांगा. ती आधी जुड्या वाटेल, उरलेल्या दोन जुड्या सोडेल आणि सुट्या काड्यांत मिसळून पुन्हा वाटेल. कागदावरची रीत म्हणजे याच वाटणीची नोंद आहे हे तिने स्वतः पाहिले पाहिजे, आपण सांगून ते पोचत नाही. हे झाल्यावर तिला पाचवीचे पुस्तक द्या, पण पहिल्या पानापासून नको. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या सरावसंचातली चार उदाहरणे आधी सोडवू द्या. जमली तर प्रकरण ओलांडा, अडली तर तिथे थांबा. शाळेतल्या चाळीस मुलांसाठी जो सराव लागतो तो सगळा एका मुलाला लागत नाही.

एनसीईआरटीची 2024 पासून आलेली नवी गणिताची पुस्तके तुम्ही चाळली आहेतच. ती मराठीत नसली तरी पालकाने इंग्रजीतून किंवा हिंदीतून वाचून त्यातले कोडे मुलीला मराठीत सांगावे. सहावीच्या पुस्तकात संख्यांचे आकृतिबंध ज्या रीतीने येतात, ते नऊ-दहा वर्षांच्या चौकस मुलांनाही आवडते.

वाळवण (रोचेस्टर, न्यूयॉर्क)

मी मूळची सांगलीची. न्यूयॉर्क राज्यात होमस्कूलिंगचे नियम अमेरिकेतल्या इतर अनेक राज्यांपेक्षा कडक आहेत, आणि त्या नियमांमुळे आम्हाला लागलेल्या सवयी शमीताईंना उपयोगी पडतील म्हणून लिहिते. इथे दरवर्षी शाळा जिल्ह्याला आधी इरादापत्र द्यावे लागते, मग प्रत्येक मुलासाठी विषय आणि साधने लिहिलेला वैयक्तिक आराखडा द्यावा लागतो, वर्षातून चार त्रैमासिक अहवाल द्यावे लागतात आणि वर्षअखेरीस मूल्यमापन होते. पहिली ते सहावीसाठी वर्षाला 900 तास आणि त्यापुढे 990 तास शिक्षण अपेक्षित आहे. शाळेच्या दर दिवशी हे पाच-साडेपाच तास भरतात, पण त्यात वाचनालय, संग्रहालय, पोहणे, स्वयंपाकातले मोजमाप हे सगळे प्रामाणिकपणे धरता येते.

तुमच्यावर अशी सक्ती नाही, तरी त्रैमासिक अहवाल स्वतःसाठी लिहावा. प्रत्येक विषयात काय वाचले, काय केले, कुठे अडले, पुढच्या तीन महिन्यांत काय बदलायचे, एवढे दीड पान पुरते. आमच्याकडे एखादे साधन ठेवायचे की सोडायचे हे याच पानावरून ठरते. विकत घेतलेल्या संचाचे निम्मे भाग तीन महिन्यांत उघडलेलेच नाहीत, हे अहवाल लिहिताना लक्षात येते आणि मग पुढचा संच घेण्याचा मोह होत नाही.

आमची मराठी इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत चालते. भारती विद्यापीठाच्या सहकार्याने तिचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. त्याला जोड म्हणून मी बालभारतीची पीडीएफ वापरते. आजी रोज सांगलीहून व्हिडिओ कॉलवर एक पान वाचून घेते.

पारंबी (पुणे)

तयार संचाबद्दल शमीताईंनी विचारले होते, ते अनुत्तरित राहिले. पैसे देण्याआधी संपूर्ण वर्षाची अनुक्रमणिका आणि कोणत्याही एका आठवड्याचे सगळे साहित्य मागा. नमुन्याची चार चकचकीत पाने पाहून ठरवू नका. रोज किती वेळ पडद्यासमोर जाणार आहे, ते पान उलटून मोजा. आठवड्याचे वेळापत्रक मोडले तर संच काय सुचवतो ते विचारा, कारण पाळीच्या नोकरीत ते मोडणारच. दोन मुलांना एकच संच चालतो की प्रत्येकासाठी वेगळे पैसे, आणि धाकट्याला तो पुन्हा वापरता येईल का, हेही विचारा. ज्या कार्यपत्रिकांवर थेट लिहायचे असते त्या दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाहीत. ज्या पालकाला शिकवण्याची अजिबात सवय नाही, त्याला पहिल्या वर्षी असा आधार घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण तुमच्या प्रश्नांवरून तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. तेवढ्या रकमेत वाचनालयाची वर्गणी, एक साधे सूक्ष्मदर्शक आणि नकाशांचे चांगले पुस्तक येईल.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक गंभीर मुद्दा. एनआयओएसच्या दहावीला किमान पाच विषय लागतात, त्यात एक किंवा दोन भाषा असाव्यात, आणि गणित किंवा विज्ञान सक्तीचे नाही. गणिताला घाबरणाऱ्या मुलासाठी हे वरदान वाटते, आणि काही मुलांसाठी ते खरोखर वरदान आहे. परंतु अकरावीला विज्ञान घेण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर हे दोन्ही विषय सोडू नयेत. शिक्षकाने तपासायच्या गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, 20 टक्के गुण असतात. तो वेळेत द्यावा. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्राकडे आधीच चौकशी करावी. एका केंद्राने आम्हाला शेवटच्या आठवड्यापर्यंत तारीख कळवली नव्हती, तेव्हा फोनवर अवलंबून न राहता प्रत्यक्ष जाऊन लेखी घेतलेले बरे.

निवडुंग (निफाड)

शमीताई, आपण शेजारीच आहोत म्हणून विज्ञान आणि परिसराबद्दल लिहितो. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती जिल्हावार काढत आली आहे. नाशिक जिल्ह्याचे पुस्तक मुलीने शाळेत वाचले असेल, तरी आता ते घेऊन प्रत्यक्ष त्या जागांवर जा. आमच्याजवळचे नांदूरमध्यमेश्वर हे 2020 मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. हिवाळ्यात तिथे महिन्यातून एकदा आलात आणि मुलीने दिसलेल्या पक्ष्यांची तारीखवार वही ठेवली, तर स्थलांतर, पाणथळ जागा, नकाशा, आलेख आणि मराठी लेखन हे सगळे एका वहीत येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला बंधारा, त्यातला गाळ आणि त्यामुळे तयार झालेली बेटे हा भूगोलाचाच पाठ आहे.

प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्वची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांपासून करायची खेळणी आहेत आणि मराठी पुस्तकेही तिथे उतरवून घेता येतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी केलेली विज्ञानाची पुस्तके मराठीतही आहेत. त्यांत उत्तरे देण्यापेक्षा निरीक्षणे करून घेण्यावर भर आहे, म्हणून घरी शिकणाऱ्या मुलांना ती विशेष मानवतात. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आता विनामूल्य वाचता येतो. त्याची भाषा लहान मुलीला जड जाईल, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला त्याचा फार उपयोग होतो.

शमी (नाशिक)

सर्वांचे वाचून आम्ही दोघांनी असे ठरवले आहे की, संच घ्यायचा नाही. मुलाचे वाचन अक्षरगटांनी आणि गणित जुड्यांनी सुरू करू. मुलीला पाचवीचे गणित सहस्रक यांनी सांगितले तसे देऊ आणि मराठीसाठी पाठ्यपुस्तकाबरोबर 'किशोर'चे अंक ठेवू. तीन महिन्यांचे पान मी लिहीन, आणि निफाडला नोव्हेंबरमध्ये नक्की येऊ. एवढे विचारायचे राहिले की मुलीचे इंग्रजी कुठून सुरू करावे? चौथीपर्यंत ती धडे पाठ करत आली, पण एक वाक्य स्वतःहून बोलत नाही.

ओंजळ (फलटण)

तिच्या वयाला इंग्रजीचे व्याकरण तूर्त बाजूला ठेवावे आणि ऐकण्यावर भर द्यावा. स्टोरीवीव्हरवर पुष्कळशा गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. आधी मराठीत वाचलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि तिसऱ्या दिवशी तिला चित्रांवरून ती सांगू द्या. मध्ये मराठी शब्द आले तरी अडवू नका. पहिल्या पातळीची पुस्तके नऊ वर्षांच्या मुलीला बालिश वाटतील अशी भीती असते, म्हणून ती धाकट्या भावाला वाचून दाखवायची असे ठरवा. लिहिणे सुरू करताना पक्ष्यांच्या वहीत रोज एकच ओळ इंग्रजीत लिहायला सांगा. आपल्या यजमानांची सकाळची पाळी नसेल त्या आठवड्यात हे इंग्रजीचे वाचन त्यांच्याकडे द्यावे; म्हणजे तेवढ्या वेळात तुम्ही धाकट्याला घेऊन बसू शकाल.